अलीशा नळापाशी थांबला नाही



मागच्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत एक वाक्य ऐकलं, ते अजून माझ्या गळी उतरलेलं नाही. बोलणारे काका वयानं आणि मानानंही माझ्याहून मोठे. माझ्या लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून त्यांची सही आहे. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा हेच काका रात्री डबा घेऊन यायचे. म्हणून नाव लिहीत नाही. वाक्य मात्र लिहिते, कारण ते एकट्या काकांचं नाही, आपल्या सगळ्यांच्या मनातलं आहे. ते म्हणाले, "बाई, पाणी घाण करतात ते कारखानेवाले आणि दरवर्षी मूर्ती बुडवणारे. आपण ना कारखाना काढला, ना मूर्ती बुडवली. मंडळीनं आत्म्यांचं बघावं, गटारांचं महापालिका बघेल."

सगळे हसले. पाळकसाहेबही थोडे हसले. माझा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

विषय काय होता ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या हॉलच्या मागं जे संडास आणि मुतारी आहे, त्याच्या टाकीचा वरचा पाइप ड्रेनेज लाइनला जोडलेलाच नाही. तो भिंतीतून बाहेर काढून पलीकडच्या पावसाळी नाल्यात सोडला आहे. हॉल बांधला तेव्हापासून तसाच आहे. महिला मंडळाच्या स्वयंपाकाचं पाणीही तिकडेच जातं. कापणीच्या सणाला तीनशे माणसं जेवतात, त्या दिवशी नाला पाहायचा असेल तर मी दाखवीन. मी प्लंबरकडून जोडणीचा अंदाज लिहून आणला होता. त्याच बैठकीत नवीन साउंड सिस्टिम आणि वेदीच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट मंजूर झालं. आकडे लिहीत नाही, पण जोडणीचा खर्च त्या दोन्हींच्या चौथ्या हिश्श्याहून कमी होता.

आता काकांच्या वाक्याकडे येते, आणि मान राखून पण स्पष्ट बोलते.

"आपण काही केलं नाही." आपल्या भिंतीमागचा नाला कुठे जातो? मोठ्या नाल्याला, आणि मोठा नाला मुसीला. मुसी विकाराबादकडच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, सुमारे २४० किलोमीटर वाहते आणि वाडपल्लीला कृष्णेला मिळते. हैदराबाद हे शहर तिच्या काठावर वसलं. २८ सप्टेंबर १९०८ ला तिला जो पूर आला त्यात हजारो माणसं गेली. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. ते झाड अजून उभं आहे, मुलांना घेऊन जाऊन दाखवा. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांच्या योजनेतून उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) ही धरणं झाली, आणि शहराला जमिनीखालची ड्रेनेज हवी हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की पुराचं पाणी आणि संडासाचं पाणी यांची वाट वेगळी हवी. आपल्या बिल्डिंग कमिटीला ते कळलं नाही.

धरणांनी नदीचं स्वच्छ पाणी वर अडवलं. त्यामुळे पावसाळा सोडला तर शहरातून मुसी म्हणून जे वाहतं ती नदी नव्हे, ते आपणच वाहतो. आपल्या आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं आणि संडासाचं पाणी. हे फक्त हैदराबादचं दुखणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे आहेत: देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. ते शुद्ध करणारी जी केंद्रं बांधून ठेवली आहेत त्यांची ताकद ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि खरोखर शुद्ध होतं फक्त २०,२३६. शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर बादल्या कुठे ओततो आपण? नदीत, तळ्यात, जमिनीत. त्यांतली एक आपल्या हॉलची. कारखान्याची नाही, मूर्तीची नाही.

काही जण म्हणतील, संडासाचं पाणी म्हणजे शेवटी खतच, कुजून जाईल. कुजतं हे खरं, पण कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं. कुजवणारे जीवाणू श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या हवेवर. घाण थोडी आणि पाणी भरपूर, तर नदी ते पचवते, देवानं तिला ती शक्ती दिली आहे. घाण अफाट आणि पाणी नावालाच असेल तर प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि मग जे जीवाणू हवेविना जगतात ते कामाला लागतात. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायला लावणारा सडक्या अंड्यासारखा वास त्यांचा. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी माजते. आपल्या एका बहिणीनं तसल्या तळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता, "देवाची हिरवी निर्मिती" असं लिहून, आणि खाली वीस जणांनी आमेन म्हटलं होतं. त्या हिरवाईखाली एक मासा जिवंत नव्हता. आणि केवळ संडासच नाही. तांदळाची पेज, नासलेलं दूध, नाताळच्या फराळाचं तळणीचं उरलेलं तेल, हे सगळं आपण बेसिनमध्ये ओततो. तेही त्याच हिशेबात धरलं पाहिजे.

मूर्तींबद्दल बोलू. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही, आणि रंगांत शिसं, क्रोमियम यांसारखे धातू असतात. हे खोटं नाही, आणि पुष्कळ हिंदू बांधव स्वतःच त्याविरुद्ध बोलतात, शाडूची मूर्ती करतात, कोर्टात जातात. पण हुसेन सागर कशानं मेला हे विचारलं तर उत्तर वेगळं आहे. तलाव सोळाव्या शतकातला. त्याची खरी दशा केली ती कुकटपल्ली नाल्यानं, जो वसाहतींचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्यात आणून सोडत आला. विसर्जन वर्षातले थोडे दिवस. नाला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, आपल्या रविवारच्या उपासनेच्या वेळीसुद्धा. शेजाऱ्याच्या सणाकडे बोट दाखवायला सोपं जातं, कारण त्यात आपल्याला काही सोडावं लागत नाही. आपल्या नाताळच्या गोठ्याचं थर्मोकोल जानेवारीत कुठे जातं हे मात्र कोणी विचारू नये. दर सप्टेंबरला आपल्या ग्रुपवर फिरणारे ते व्हिडिओ कृपा करून बंद करा. त्यात पाण्याची काळजी नाही, दुसऱ्याला हिणवण्याची गोडी आहे.

आता कारखाने. इथं काका निम्मे बरोबर आहेत, आणि हे मला मोकळेपणानं मान्य करायचं आहे. नदी संडासाचं पाणी वेळ मिळाल्यास पचवते, औषधाचं आणि धातूचं पाणी पचवत नाही. त्यामुळे लिटराला लिटर असा हिशेब लावता येत नाही, कारखान्याची एक बादली आपल्या हजार बादल्यांना भारी पडू शकते. पटानचेरू आपल्यापासून दूर नाही. तिथल्या गावांच्या विहिरी आणि शेतं नासली म्हणून १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं पाणी त्या केंद्रात येत होतं. शुद्ध करून सोडलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहूनही हे जास्त. असल्या पाण्यात जे जंतू जगतात ते औषधाला दाद न देणारेच जगतात. उद्या आपल्या नातवाला ताप आला आणि डॉक्टरांची गोळी लागू पडली नाही, तर तिचं एक कारण अशा ओढ्यांत तयार होत असतं.

आणि त्या पाण्याची वाट बघा. आधी ते इसकावागू ओढ्यात, तिथून नक्कावागूत, आणि नक्कावागू जाऊन मिळतो मांजरा नदीला. आपल्यातली किती घरं लातूर, उदगीर, बीदरकडून आलेली आहेत! आपल्या आज्यांनी जिच्या काठी धुणी धुतली ती हीच मांजरा, बीडच्या बालाघाटात उगवलेली. १९६५ पासून या शहराला पाजलं तेही तिनंच. ती गावाकडून आपल्यासाठी पाणी घेऊन आली आणि आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांनी तिच्या ओटीत हे घातलं. पुढे ती कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. मग ओरड झाली, खटले झाले, आणि अठरा किलोमीटरचा पाइप टाकून पटानचेरूचं ते पाणी अंबरपेटच्या सांडपाणी केंद्राकडे वळवलं. अंबरपेटहून ते मुसीत. म्हणजे मांजरेचं ओझं मुसीवर! पापाचा जो हिशेब आपण जाणतो त्यात ओझं एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर टाकलं म्हणजे ते उतरलं असं होत नाही.

पण काका, "कारखानेवाले" म्हणजे कोण? आपल्या मंडळीच्या बाकांवर बसणारे निदान पंधरा कुटुंबप्रमुख औषध कंपन्यांत आहेत. कोणी केमिस्ट, कोणी शिफ्टला, कोणी टँकरवर. त्यांच्या दशांशावर हे छप्पर उभं आहे. त्यांतला एक भाऊ, नाव आणि कंपनी सांगत नाही, घरगुती प्रार्थनेनंतर माझ्या नवऱ्याशी दारात उभा राहून बोलला. टँकर रात्री भरतो, पावतीवर शुद्धीकरण केंद्राचं नाव असतं, आणि रिकामा होतो दुसरीकडेच. पाऊस असला की लवकर होतं, असं म्हणाला. त्याला झोप लागत नाही. पाळकसाहेबांना सांगितलंस का, असं विचारलं, तर म्हणाला, काय सांगू, ते प्रार्थना करतील आणि मी सोमवारी परत जाईन. बोललो तर नोकरी जाईल, दोन मुलींच्या फी आहेत.

मी काकांना हे विचारते. हा भाऊ आत्मा नव्हे का? "मंडळीनं आत्म्यांचं बघावं" म्हणता, तर ह्या आत्म्याचं काय बघितलं आपण? त्याला दारू सुटली असती तर आपण साक्ष द्यायला उभं केलं असतं. टँकर सोडायचा म्हटला तर त्याच्या पाठीशी उभं राहायला आपल्याकडे ना निधी आहे ना हिंमत. त्याच्या कंपनीनं आपल्याला पाण्याचा कूलर दिला तेव्हा मात्र आपण पितळी पाटी लावली आणि आभाराची प्रार्थना केली. मीही त्या प्रार्थनेत डोळे मिटले होते, तेव्हा मला टँकरचं ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि त्या कूलरचं पाणी माझ्यानं पिववत नाही.

यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायाची अठरावी आणि एकोणिसावी वचनं काढून वाचा. मी ती वर्षानुवर्षं वाचली आणि मेंढपाळांविषयी आहेत म्हणून पुढे गेले. पण तिथं देव मेंढपाळांना सोडून मेंढरांशीच बोलतो आहे. धष्टपुष्ट मेंढरं निवळ पाणी पिऊन घेतात आणि उरलेलं पायांनी गढूळ करतात, आणि मागच्या मेंढरांना ते तसंच प्यावं लागतं, हा त्याचा आरोप आहे. पाणी प्यायलात म्हणून तो रागावत नाही, मागच्यांसाठी काय ठेवलंत हे विचारतो.

आपल्या मागं कोण आहे? मुसी शहराबाहेर पडते तिथं तिच्या पाण्यावर शेतं आहेत. पॅरा गवत होतं, म्हशी खातात, आणि त्यांचं दूध कॅनमधून परत शहरात येतं. पालक, कोथिंबीर येते. त्या शेतांत गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत कापणारी बाई बहुतेक वेळा अशीच असते जिला आपण नाताळात साडी वाटतो. साडी वाटताना फोटो काढतो. तिच्या पायाच्या जखमा फोटोत येत नाहीत.

आणि आपण स्वतः? आपण कॅनवर गेलो. वीस लिटरचा कॅन, नाहीतर घरी आरओ, जो गाळून दिलेल्या पाण्याइतकंच किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत फेकतो. ज्याला परवडतं त्यानं आपल्यापुरती सुटका करून घेतली. गेल्या ईस्टरला बाप्तिस्म्याच्या पात्रात कॅनचं पाणी ओतलं, नळाला वास येत होता म्हणून. मी स्वतः ओतलं. ते पाणी विकत घेतलेलं होतं, पावती कार्यालयात आहे. लेकरू रडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या क्षणी वाटलं, पित्या, पुत्रा आणि पवित्र आत्म्याच्या नावानं जे पाणी देवानं फुकट दिलं ते आम्ही इतकं नासवलं की आता दुकानातून आणावं लागतं. आणि पात्रातलं उरलेलं पाणी आम्ही कुठे ओतलं? मागच्या मोरीत. तिथून नाल्यात.

दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, यरीहोचे लोक अलीशाकडे येतात. गाव छान आहे पण पाणी वाईट, जमीन फळत नाही, ही तक्रार. अलीशा नवं भांडं आणि मीठ मागतो. एवढं सगळ्यांना आठवतं, संडे स्कूलमध्ये मुलं मिठाचं चित्रही काढतात. पण तो ते मीठ कुठे टाकतो? लोकांच्या घागरीत नाही. तो पाण्याच्या उगमापाशी चालत जातो आणि तिथं टाकतो. घरोघरी घागरी शुद्ध करून देणं सोपं होतं, त्यावर त्याच्या नावाची पाटीही लागली असती. आपण कूलर लावणारी मंडळी आहोत, उगमापाशी जायचं म्हटलं की आपल्याला महापालिका आठवते.

महापालिकेनं तिचं काम करावं, नक्कीच करावं. प्रदूषण मंडळानंही करावं, १९७४ पासून त्यासाठी कायदा आहे. पण भिंतीतून पाइप महापालिकेनं काढलेला नाही. पिलातानं हात धुतले तेव्हाही पाणी स्वच्छच असणार.

एका गोष्टीवर मात्र थांबून बोलते, कारण उपासनेनंतर एका तरुणानं ती विचारली. नळगोंडा जिल्ह्यात पाण्यात फ्लोराइड आहे, दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, ते तर खडकातूनच येतं, मग तिथं दोषी कोण? खरं आहे, तिथं उगमच खडक आहे, कोणाचा कारखाना नाही. पण तरीही नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची साधी रीत बसवली, आणि तिचं नावच नळगोंडा पद्धत पडलं. जिथं दोष कोणाचाच नव्हता तिथं माणसं हात घालून कामाला लागली. जिथं दोष आपला आहे तिथं आपण विषय पुढच्या बैठकीवर टाकतो.

आता माझी मागणी. ती मोठी नाही, आणि म्हणूनच तिला हसणं शोभत नाही. एक, ग्रॅनाइट थांबवावं आणि त्या पैशातून हॉलची जोडणी ड्रेनेज लाइनला करावी, कापणीच्या सणाच्या आधी. तोवर हॉलमध्ये मोठं जेवण ठेवू नये, माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं ठरलं होतं तेही मी दुसरीकडे नेलं आहे. दोन, ज्या कंपनीच्या पाण्याचा हिशेब आपल्याला ठाऊक नाही तिची देणगी आणि पाटी घेऊ नये, आणि ती एक पाटी काढावी. तीन, असं काम नाकारून ज्याची नोकरी जाईल त्याच्या घराला सहा महिने आधार देण्यासाठी वेगळा निधी काढावा. तरुण संघानं गोळा केलेल्या पैशातून सुरुवात करायला त्यांची तयारी आहे, मी विचारलं आहे. जुन्या, मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत ही सूचना बुलेटिनमध्ये द्यावी, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

काकांशी मी या लेखाआधी बोलले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू लिही, मी उत्तर देईन." त्यांचं उत्तर आलं तर ते इथंच, जसंच्या तसं छापीन. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. हॉल बांधताना पाइप नाल्यात सोडायचा निर्णय झाला तेव्हा ते खजिनदार होते, आणि त्यांनी विरोध केला होता. पैसे कमी होते, बाकी सगळे घाईत होते, ते एकटे पडले. मग गप्प बसले.

वार्षिक सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या उपासनेनंतर आहे. ठराव मी लिहून कार्यालयात दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. घटनेप्रमाणे अनुमोदक मतदानाचा हक्क असलेला सभासद हवा आणि सही गुरुवारच्या आत हवी. कागद हिरव्या फाइलमध्ये आहे, कार्यालय सकाळी दहा ते एक उघडं असतं.